ऑक्टेनचा आकडा आणि रस्त्यावरची मोटरसायकल

पेट्रोलपंपावर ९१, ९५, ९९ किंवा १०० असा जो आकडा दिसतो, तो त्या पेट्रोलमधली ताकद सांगत नाही. दाब आणि उष्णता वाढत असताना हे पेट्रोल आपोआप पेट न घेता ठिणगीची वाट पाहत कितपत थांबेल, एवढेच त्यातून कळते. एक किलो पेट्रोल जाळले की सुमारे ४३ ते ४४ मेगाज्यूल ऊर्जा मिळते. ऑक्टेन ९१ असो की १००, या हिशोबात नाव घेण्यासारखा फरक पडत नाही. लिटरवर मोजायला गेले तर काही महाग मिश्रणे वजनाला हलकी असल्याने त्यांची ऊर्जा किंचित कमीच भरते. तरीही केटीएम, निंजा किंवा आर१५ चालवणाऱ्यांत हा आकडा टॉनिकच्या बाटलीसारखा मानला जातो: जितका मोठा, तितका पिकअप चांगला. ही समजूत कुठे खरी ठरते आणि कुठे पैसे वाया जातात, हे पाहायचे तर आधी सिलिंडरमध्ये डोकवावे लागते.

पिस्टन वर येताना हवा-पेट्रोलचे मिश्रण दाबतो. तो टोकाला पोहोचण्याच्या जरा आधी प्लगची ठिणगी पडते आणि तिथून ज्योत चहूकडे पसरू लागते. ही ज्योत म्हणजे स्फोट नव्हे. ती ठरावीक वेगाने पुढे सरकते, आणि सरकताना समोरच्या, अजून न जळलेल्या मिश्रणाला कडेच्या बाजूला दाबत नेते. ते शेवटचे मिश्रण त्यामुळे आणखी तापते. ज्योत तिथे वेळेत पोहोचली तर सगळे सुरळीत होते. ती पोहोचण्याआधीच कडेचे मिश्रण एकदम पेटले, तर दाबाची लाट उठते आणि सिलिंडरच्या भिंतींवर सेकंदाला हजारो वेळा आपटते. बाहेर तिचा आवाज धातूवर बारीक टकटक केल्यासारखा येतो. गॅरेजमध्ये त्याला ‘इंजिन ठोकतंय’ किंवा ‘नॉकिंग येतंय’ म्हणतात.

अधूनमधून होणाऱ्या बारीक ठोक्याने इंजिन बिघडत नाही. तो जोरात आणि सतत होत राहिला तर पिस्टनच्या माथ्यावर खड्डे पडतात, रिंगांमधल्या कडा तुटतात, हेड गॅस्केट जाते. धातूच्या पृष्ठभागावर चिकटून असलेला वायूचा पातळ थर एरवी पिस्टनचे उष्णतेपासून रक्षण करतो. ठोक्याची लाट तोच थर उडवून लावते, म्हणून नुकसान इतक्या वेगाने होते. मोटरसायकलवर यात आणखी एक अडचण आहे. हेल्मेट, वारा, सायलेन्सर आणि व्हॉल्व्हची खडखड यांच्या गोंगाटात हा आवाज चालवणाऱ्याच्या कानापर्यंत येतच नाही. कारमध्ये बसलेल्याला तो ऐकू येतो, बाइकवाल्याला बहुतेक वेळा इंजिन उघडल्यावरच कळतो.

ठोक्याचे कारण पेट्रोलमध्ये आहे, हे नीट मांडण्याचे काम पहिल्या महायुद्धाच्या आसपास झाले. इंग्लंडमध्ये हॅरी रिकार्डो यांनी कॉम्प्रेशन बदलता येईल असे प्रायोगिक इंजिन बांधून वेगवेगळी इंधने कुठे ठोकू लागतात ते मोजले. अमेरिकेत जनरल मोटर्सच्या डेटन येथील प्रयोगशाळेत थॉमस मिजली यांना डिसेंबर १९२१ मध्ये आढळले, की शिशाचे एक संयुग पेट्रोलमध्ये चिमूटभर घातले तरी ठोका थांबतो. पुढची सत्तर-पंचाहत्तर वर्षे जगभरच्या गाड्या त्या शिशावर चालल्या आणि त्याची किंमत लोकांच्या, विशेषतः लहान मुलांच्या, आरोग्याने मोजली. भारतात शिसेयुक्त पेट्रोल २००० साली बंद झाले.

मोजायला पट्टी हवी होती, ती ग्रॅहम एडगर यांनी १९२६ मध्ये सुचवली. लवकर ठोकणाऱ्या हेप्टेन या द्रवाला शून्य आणि फार उशिरा ठोकणाऱ्या आयसो-ऑक्टेनला शंभर गुण द्यायचे. एखादे पेट्रोल ९१ टक्के आयसो-ऑक्टेन आणि ९ टक्के हेप्टेनच्या मिश्रणाइतके टिकले, तर त्याचा ऑक्टेन ९१. त्या पेट्रोलमध्ये प्रत्यक्षात ऑक्टेन नावाचा पदार्थ किती आहे याच्याशी आकड्याचा संबंध नाही. म्हणूनच आकडा शंभराच्या पुढेही जाऊ शकतो.

ही मोजणी आजही एका खास एक-सिलिंडरी इंजिनावर होते. त्याचे कॉम्प्रेशन चालू इंजिनातच कमी-जास्त करता येते. ‘रिसर्च’ पद्धतीत हे इंजिन मिनिटाला ६०० फेऱ्यांवर चालवतात, तर ‘मोटर’ पद्धतीत ९०० फेऱ्यांवर, मिश्रण १४९ अंश सेल्सियसपर्यंत तापवून. दुसरी परीक्षा कडक असल्याने तिचा आकडा साधारण आठ-दहाने कमी येतो. भारतात आणि युरोपात पंपावर रिसर्च ऑक्टेन, म्हणजे रॉन, लिहितात. अमेरिकेत दोन्हींची सरासरी लिहितात. या फरकामुळे भारतीय बाइकवाल्यांचा भरपूर गोंधळ उडतो. अमेरिकेतला कुणी ‘मी ८७ टाकतो’ म्हणतो तेव्हा ते भारतातल्या ९१-९२ च्या जवळचे पेट्रोल असते, आणि त्याचे ‘प्रीमियम ९१’ हे आपल्या हिशोबाने ९५-९६ भरते. तिकडच्या व्हिडिओतला सल्ला आकड्यासकट इकडे उचलला, की गणित चुकते. शिवाय सहाशे फेऱ्यांवर घेतलेल्या परीक्षेवरून बारा-तेरा हजार फेऱ्या मारणाऱ्या इंजिनाविषयी बोलायचे, हेही जरा धाडसाचेच आहे. बहुतेक मोटरसायकलींची इंजिने गाडी उभी असतानासुद्धा त्या सहाशेच्या दुप्पट वेगाने फिरत असतात.

इंजिनाला जास्त ऑक्टेन हवा असतो तो कॉम्प्रेशनमुळे. मिश्रण जितके जास्त दाबावे तितके त्याच थेंबातून जास्त काम निघते. आदर्श चक्राच्या सूत्रात आकडे घातले, तर साडेनऊपट दाबणाऱ्या इंजिनापेक्षा साडेबारापट दाबणाऱ्या इंजिनाची कार्यक्षमता सुमारे ७ टक्क्यांनी जास्त येते. दाब वाढला की तापमान वाढते, तापमान वाढले की ठोका जवळ येतो आणि तो लांब ठेवायला जास्त ऑक्टेन लागतो. म्हणजे ताकद येते ती कॉम्प्रेशनमधून. ऑक्टेन ते कॉम्प्रेशन वापरण्याची मोकळीक देतो. इंजिनात ते कॉम्प्रेशनच नसेल, तर ही मोकळीक कुठेच खर्च होत नाही.

बाजारातल्या गाड्यांवरून हे स्पष्ट होते. रॉयल एनफील्ड क्लासिक ३५० चे कॉम्प्रेशन ९.५:१ आहे. त्यात शंभर ऑक्टेनचे पेट्रोल ओतणे म्हणजे शुद्ध हौस. यामाहा आर१५ मध्ये ते ११.६:१ आहे. चाकणला तयार होणाऱ्या केटीएम ३९० ड्यूकमध्ये साडेबाराच्या वर आणि सुझुकी हायाबुसामध्ये १२.५:१ आहे. डुकाटी पानिगाले व्ही४ थेट १४:१ वर जाते. एवढ्या टोकाच्या यंत्रासाठीही कंपनी मागते ते ९५ रॉनचे पेट्रोल. तिथे ९५ हा शौक राहत नाही, ती गरज होते. मात्र त्याच्यापुढचे पाच आकडे तीही गाडी मागत नाही.

कॉम्प्रेशनचा आकडाही एकट्याने सगळे सांगत नाही. कावासाकीच्या निंजा एच२ चे कॉम्प्रेशन केवळ ८.५:१ आहे, जवळपास जुन्या बुलेटच्या पंगतीतले. पण तिथे सुपरचार्जर हवा आधीच दाबून सिलिंडरमध्ये कोंबतो, त्यामुळे शेवटचा दाब भयंकर वाढतो आणि ऑक्टेनची गरजही. उलट बाजूला पल्सर २०० एनएसचे उदाहरण घेता येईल. तिच्या सिलिंडरच्या माथ्यावर तीन प्लग आहेत. ज्योत तीन ठिकाणांहून निघाल्याने तिला कमी अंतर कापावे लागते, आणि कडेच्या मिश्रणाला आपोआप पेटण्याइतका वेळच उरत नाही. त्यामुळे ११:१ कॉम्प्रेशन असूनही ती साध्या पेट्रोलवर निवांत चालते. पाण्याने थंड होणारे इंजिनही फायद्यात राहते: हेडचे तापमान आवरलेले असते. हवेवर थंड होणारे इंजिन मे महिन्यात सिग्नलला वीस मिनिटे अडकले, की त्याची ऑक्टेनची भूक वाढलेली असते.

वेग हा तर ठोक्याचा शत्रूच. मिश्रणाला स्वतःहून पेटायला काही मिलिसेकंद लागतात. मिनिटाला २,००० फेऱ्यांवर पिस्टनचा एक फेरा, म्हणजे वरून खाली येणे, १५ मिलिसेकंदांत होतो. १३,००० फेऱ्यांवर तेच काम अडीच मिलिसेकंदांच्या आत उरकते. शिवाय मोटरसायकलचा सिलिंडर लहान असतो. लिटरभर क्षमतेच्या चार-सिलिंडरी सुपरबाइकमध्येही एका सिलिंडरच्या वाट्याला अडीचशे सीसी येतात. ज्योतीला अंतर थोडे आणि मिश्रणाला वेळ थोडा, म्हणून तेवढ्याच कॉम्प्रेशनच्या कारपेक्षा मोटरसायकल कमी ऑक्टेनवर तग धरते. जास्त फेऱ्यांचे इंजिन म्हणजे जास्त ऑक्टेन, ही समजूत म्हणूनच जवळपास उलटी आहे.

आता मुख्य प्रश्न. इंजिनाच्या गरजेपेक्षा जास्त ऑक्टेन घातला तर इंजिन त्याचा उपयोग करून घेऊ शकते का? उपयोग करण्याचा एकच मार्ग आहे: ठिणगी थोडी लवकर पाडणे. ती योग्य तितकी लवकर पडली, तर दाब पिस्टनवर अचूक वेळी बसतो आणि ताकद वाढते. ठिणगीची वेळ ठरवतो गाडीचा ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा संगणक, आणि तो ती ठरवतो कारखान्यात भरलेल्या तक्त्यावरून. फेऱ्या किती, थ्रॉटल किती उघडा, इंजिन आणि आत येणारी हवा किती गरम, हे त्याला कळते. धुरातल्या ऑक्सिजनवरून मिश्रण पातळ की घट्ट, तेही कळते. टाकीत ९१ आहे की १००, हे मात्र कळत नाही. रस्त्यावरच्या बहुसंख्य मोटरसायकलींत ते कळवणारे यंत्रच बसवलेले नसते. मग तक्ता तोच, ठिणगी त्याच क्षणी, आणि ताकदही तेवढीच.

कळवणारे यंत्र म्हणजे नॉक सेन्सर. इंजिनाच्या अंगावर बसवलेला हा एक प्रकारचा माइक ठोक्याची विशिष्ट कंपने ओळखतो आणि ईसीयूला ठिणगी मागे घ्यायला सांगतो. कारमध्ये तो आता सर्रास असतो. मोटरसायकलच्या गोंगाटी इंजिनात ठोका आणि व्हॉल्व्हची खडखड वेगळी काढणे अवघड, म्हणून इथे तो उशिरा आला आणि आजही मोजक्याच गाड्यांत आहे. बीएमडब्ल्यूने २००४ च्या आर १२०० जीएसच्या बॉक्सर इंजिनात तो दिला. जगभर भटकणाऱ्या त्या गाडीला कुठल्याही खेड्यात मिळेल ते पेट्रोल पचवता यावे, हा त्यामागचा विचार होता. त्याच कंपनीच्या एस १००० आरआरच्या माहितीपत्रकात ९५ ते ९८ रॉन चालेल, पण जाहीर केलेली पूर्ण ताकद ९८ वर मिळेल, असे लिहिलेले आढळते. जास्त ऑक्टेनने ताकद वाढते असे निर्मात्याने स्वतःच कबूल केल्याची ही दुर्मीळ जागा. अशा गाडीचा मालक ९७ किंवा ९९ चे पेट्रोल टाकत असेल तर तो फसलेला नाही.

तरीही ती ताकद कुठे मिळते ते पाहावे लागते. ठोक्याचा धोका थ्रॉटल पूर्ण उघडला असताना, म्हणजे सिलिंडर हवेने काठोकाठ भरला असताना असतो. थ्रॉटल अर्धवट असेल तर आत हवाच कमी, दाब कमी, आणि ९१ चे पेट्रोलही आरामात टिकते. सपाट रस्त्यावर ताशी १०० किलोमीटर धरून ठेवायला मोटरसायकलला साधारण दहा-बारा अश्वशक्ती पुरतात. यातला बहुतेक खर्च वारा कापण्यात जातो. दोनशे अश्वशक्तीची सुपरबाइक मुंबई-नाशिक रस्त्यावर शिस्तीत चालली आहे, याचा अर्थ ती आपल्या ताकदीच्या विसाव्या हिश्शावर चालली आहे. त्या वेळी टाकीत ९५ असले काय आणि १०० असले काय, सिलिंडरला फरक जाणवण्याचे कारण नाही. थ्रॉटल शेवटपर्यंत पिळायला ट्रॅक हवा. रस्त्यावर तो क्षण आला तरी सेकंद-दोन सेकंदांचा.

आणि ट्रॅकवरही फार मोठे आकडे नसतात. मोटोजीपीच्या शर्यतींत इंधनाचा रॉन ९५ ते १०२ च्या दरम्यान असावा, असा आंतरराष्ट्रीय मोटरसायकल महासंघाचा नियम आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्लीजवळच्या बुद्ध सर्किटवर धावलेल्या, ताशी साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास पोहोचणाऱ्या गाड्यांचे पेट्रोल ऑक्टेनच्या बाबतीत पुण्यातल्या पंपावरच्या महाग पेट्रोलपेक्षा फारसे वेगळे नव्हते.

रस्त्यावर ठोका जिथे खरोखर येतो ती जागा वेगाची नसतेच. खंबाटकी किंवा आंबोली घाटाच्या चढावर, मागे माणूस आणि सामान घेऊन, ॲव्हरेज राखायच्या हौसेने वरचा गिअर तसाच ठेवून, दोन-अडीच हजार फेऱ्यांवर थ्रॉटल पिळत गेले, की इंजिन ठोकू लागते. थ्रॉटल उघडा, वेळ भरपूर, हेड गरम: ठोक्याला हव्या त्या सगळ्या गोष्टी एकत्र आल्या. यावर पहिला उपाय फुकट आहे, एक गिअर खाली टाकण्याचा. फेऱ्या वाढतात, मिश्रणाला मिळणारा वेळ घटतो आणि टकटक थांबते. तरीही थांबली नाही, तर पेट्रोलकडे बोट दाखवावे.

उंचीचे गणित याच्या उलट चालते आणि ते सहसा कोणी लक्षात घेत नाही. समुद्रसपाटीपासून वर जावे तशी हवा विरळ होते, सिलिंडर पुरता भरत नाही आणि आतला दाब कमी होतो. लेह सुमारे साडेतीन हजार मीटरवर आहे. तिथे हवेचा दाब मुंबईच्या दोन तृतीयांशाच्या आसपास असतो. इंजिनाची ताकद तिथे घटते, पण ऑक्टेनची गरजही घटते. अमेरिकेतल्या डोंगराळ राज्यांत कमी ऑक्टेनचे पेट्रोल विकले जाते ते याच आधारावर. लडाखच्या सहलीसाठी ऑक्टेन बूस्टरच्या बाटल्या बॅगेत भरून नेणाऱ्यांनी त्या जागी पंक्चरचे सामान ठेवलेले जास्त कामाचे.

भारतातल्या पंपांवरचे चित्र गेल्या काही वर्षांत बरेच बदलले आहे. साधे पेट्रोल पूर्वी ८८ रॉनचे असे, पुढे ते ९१ वर आले. २००२ च्या सुमारास ‘स्पीड’सारखी ब्रँडेड पेट्रोल बाजारात आली तेव्हा लोकांनी ती जास्त ऑक्टेनची समजूनच घेतली. प्रत्यक्षात त्यांची मुख्य ओळख होती मिसळलेली स्वच्छक रसायने. ऑक्टेन साध्या पेट्रोलइतकाच होता. स्वच्छक इंजेक्टर आणि व्हॉल्व्हवर काजळी साचू देत नाही, ही चांगली गोष्ट आहे, पण ती ऑक्टेनपासून पूर्ण वेगळी. ९५, ९७, ९९ अशी खऱ्या अर्थाने जास्त ऑक्टेनची पेट्रोल त्यांच्या शेजारी येऊन बसली, आणि १ डिसेंबर २०२० ला इंडियन ऑइलने एक्सपी१०० आणले. मुंबई आणि पुणे पहिल्या दहा शहरांत होती. त्या वेळी दिल्लीत त्याचा भाव लिटरला सुमारे १६० रुपये होता, साध्या पेट्रोलच्या जवळपास दुप्पट.

हा भाव केवळ जाहिरातीचा नाही. कच्चे तेल उकळून सरळ निघणाऱ्या नॅफ्थ्याचा ऑक्टेन साठ-सत्तरच्या घरात असतो. त्याचे सरळ साखळीचे रेणू रिफॉर्मरमध्ये वळवून कडीदार करावे लागतात, नाहीतर लहान वायूंचे रेणू जोडून फांद्या असलेले रेणू बनवावे लागतात. प्रत्येक टप्प्याला उष्णता, महाग उत्प्रेरक आणि वेळ लागतो, आणि वाटेत काही माल वायू होऊन कमी होतो. शंभराच्या जवळचे शेवटचे काही आकडे सर्वांत महाग पडतात. ग्राहक मोजतो तो खर्च खरा असतो. त्याच्या इंजिनाला ते आकडे हवे आहेत का, हा प्रश्न मात्र वेगळाच राहतो.

इथेनॉलने या प्रश्नाला अनपेक्षित वळण दिले आहे. इथेनॉलचा रॉन १०८ च्या आसपास आहे. शिवाय ते वाफ होताना पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता शोषते आणि मिश्रण थंड ठेवते. त्यामुळे २० टक्के इथेनॉलच्या ई२० पेट्रोलचा ऑक्टेन ९५ पर्यंत पोहोचतो. केंद्र सरकारच्या पेट्रोलियम मंत्रालयाने २०२५ मध्ये हेच सांगितले. याचा अर्थ असा, की केटीएम किंवा निंजासाठी पूर्वी जे ९५ शोधत फिरावे लागे, ते आता साध्या नोझलमधून येते. ऑक्टेनपुरता वाद बहुतेक गाड्यांसाठी इथे संपायला हवा.

तो संपत नाही, कारण इथेनॉलने दुसरे प्रश्न आणले. त्याच्या एका लिटरमध्ये पेट्रोलच्या दोन तृतीयांश ऊर्जा असते, त्यामुळे ई२० वर लिटरमागची ऊर्जा सहा-सात टक्क्यांनी घटते आणि ॲव्हरेज थोडे पडते. ते पाणी शोषते. महिनोन्महिने पार्किंगमध्ये झाकून ठेवलेल्या सुपरबाइकच्या टाकीत पुरेसे पाणी शिरले तर इथेनॉल आणि पाणी मिळून तळाशी वेगळे बसतात, आणि इंजिन चालू होताना नेमका तोच थर ओढते. २०२३ पूर्वीच्या अनेक गाड्यांचे रबरी पाइप आणि सील ई२० साठी बनवलेले नाहीत. या चिंता रास्त आहेत, पण त्यांचे उत्तर ऑक्टेनच्या आकड्यात सापडत नाही. इथेनॉल टाळण्यासाठी महाग पेट्रोल घेणाऱ्याने त्या पेट्रोलमध्ये इथेनॉल किती आहे ते पंपावर विचारावे. ९५ किंवा १०० हा आकडा त्याबद्दल काहीच बोलत नाही, उलट आकडा इथेनॉलमुळेच वाढलेला असू शकतो.

एवढे असूनही ‘शंभर टाकल्यावर गाडी स्मूद झाली’ असे सांगणारे भेटतातच, आणि ते खोटे बोलत असतात असे नाही. थंड सकाळ, नुकतीच साफ केलेली चेन, बरोबर भरलेली हवा, यांतली कुठलीही गोष्ट तेवढा फरक पाडते. डायनोवर, म्हणजे ताकद मोजण्याच्या यंत्रावर, एकाच गाडीच्या लागोपाठ दोन चाचण्यांतही टक्का-दोन टक्के इकडेतिकडे होतात. दुप्पट पैसे मोजले आहेत ही जाणीवही मदतीला असतेच. जास्त ऑक्टेनचे पेट्रोल सावकाश जळते म्हणून इंजिन मऊ चालते, असे एक स्पष्टीकरण दिले जाते. तेही टिकत नाही. ज्योतीचा वेग आणि आपोआप पेटण्याची तयारी हे दोन स्वतंत्र गुण आहेत. इथेनॉलचा ऑक्टेन एवढा मोठा, तरी त्याची ज्योत पेट्रोलपेक्षा मंद नसते.

बूस्टरच्या बाटल्यांबाबत तर लेबल नीट वाचणे एवढेच पुरे. पुष्कळ बाटल्यांवर ‘दहा पॉइंट वाढ’ असे लिहिलेले असते आणि एक पॉइंट म्हणजे ऑक्टेनचा दहावा भाग असतो. दहा पॉइंट म्हणजे ९१ चे ९२. मँगनीजची संयुगे असलेली काही बूस्टर प्लगवर लालसर थर साचवतात आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला त्रास देतात.

जास्त ऑक्टेन खरोखर उपयोगी पडतो अशा जागा थोड्या आहेत, पण आहेत. मॅन्युअलमध्ये किंवा टाकीच्या झाकणाजवळ किमान ९५ लिहिले असेल तर ते पाळावे, आणि पंपावर ई२० ऐवजी कमी ऑक्टेनचे पेट्रोल असेल तर ९५ चे नोझल निवडावे. ईसीयूचा तक्ता बदलून ठिणगी पुढे आणली असेल, उंच माथ्याचा पिस्टन बसवला असेल किंवा टर्बो लावला असेल, तर कारखान्याचा आकडा रद्द होतो आणि ट्यूनरने ज्या पेट्रोलवर तक्ता बसवला तेच टाकावे लागते. सायलेन्सर आणि एअर फिल्टर बदलून तक्ता तसाच ठेवला असेल तर मिश्रण पातळ होऊन इंजिन तापते आणि ठोकते. तिथे महाग पेट्रोल हे दुखणे झाकते, बरे करत नाही.

जुन्या इंजिनाचे कारण वेगळे असते. हजारो किलोमीटरनंतर सिलिंडरच्या माथ्यावर काजळी चढते, आतली जागा कमी होते आणि उष्णता बाहेर पडायला अडते. नवे असताना ९१ वर गप्प असलेले इंजिन मग ९१ वर कुरकुरू लागते. रिंगा झिजून तेल वर येत असेल तर ते मिश्रणाचा ऑक्टेन आणखी पाडते. अशा गाडीला ९५ चे पेट्रोल तात्पुरते शांत करू शकते. कायमचा उपाय मेकॅनिककडे असतो.

भेसळ हाही ऑक्टेनचाच विषय. रॉकेलचा ऑक्टेन इतका कमी असतो की पेट्रोलमध्ये त्याचा थोडा हिस्सा मिसळला तरी चांगली गाडी घाटात ठोकू लागते. महाराष्ट्रात हा धंदा किती खोलवर गेला होता ते २५ जानेवारी २०११ ला दिसले, जेव्हा मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनावणे यांना मनमाडजवळ इंधनमाफियांनी जिवंत जाळले. एखाद्या टाकीनंतर गाडी अचानक ठोकू लागली आणि त्याआधी कधी ठोकत नसेल, तर महाग पेट्रोलकडे वळण्यापूर्वी पंप बदलून पाहावा.

लांबच्या प्रवासात ९५ मागणारी गाडी कधी नाइलाजाने कमी ऑक्टेनवर भरावी लागते. त्यात घाबरण्यासारखे फारसे नसते. चढावर खालच्या गिअरमध्ये राहावे, कमी फेऱ्यांवर थ्रॉटल पूर्ण पिळू नये, इंजिन फार तापू देऊ नये. टाकी अर्धी झाली की मिळेल तिथे जास्त ऑक्टेनचे पेट्रोल भरावे. दोन पेट्रोल मिसळली की आकडा साधारण मधला येतो: अर्धी टाकी ९१ आणि अर्धी ९९ असली तर सुमारे ९५. पुढच्या पंपापर्यंत तेवढे पुरते.